शांत तळ्यावर ट्राउटसाठी ड्राय फ्लाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीवर तयार झालेला गळकरी पहिल्यांदा तळ्याकाठी उभा राहतो तेव्हा त्याचं सगळं गणित उलटं होतं. नदीत मासा एका जागी असतो आणि पाणी त्याच्यापर्यंत खाणं आणून देतं. तळ्यात पाणी जागेवर असतं, हिंडतो तो मासा. त्यात वारा पडलेला असेल तर पाणी काचेसारखं होतं आणि आपली एकही चूक झाकली जात नाही. अशा पाण्याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोक अडतात.

ड्राय फ्लाय म्हणजे कोरडी माशी का?

शब्दशः तेच. गळावर दोरा, पिसं, केस किंवा फोम बांधून केलेला कीटकाचा आभास, आणि तो पाण्यावर तरंगणारा. जी बुडवायची असते ती वेट फ्लाय किंवा निम्फ. ‘माशीने मासा धरतो’ असं मराठीत सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून मी फ्लायच म्हणतो.

फोमची सोडली तर ड्राय फ्लाय तशी हलकी नसते. आत पोलादी गळ असतो आणि पोलाद बुडतंच. तिला तरंगत ठेवतो तो पाण्याचा पृष्ठताण आणि पिसांच्या बारीक तंतूंत अडकलेली हवा. हे लक्षात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं यातच आहेत.

नदीवर वापरतो त्याच फ्लाय तळ्यावर चालतील का?

पाण्यावर लहरी असतील तर बऱ्याचशा चालतात. वारा पडला की नाही.

नेहमीच्या ड्राय फ्लायला गळाभोवती कोंबड्याचं कडक पीस गुंडाळलेलं असतं, त्याला हॅकल म्हणतात. त्या हॅकलच्या टोकांवर फ्लाय उंच, चवड्यांवर उभी राहिल्यासारखी तरंगते. 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधलेली ‘ॲडम्स’ हा त्याचा नामी नमुना. वाहत्या पाण्यात मासा विचार करायला क्षणभरच थांबू शकतो; थांबला तर घास पुढे जातो. तळ्यातल्या माशाला कसलीच घाई नसते. तो फ्लायखाली येऊन थांबतो, न्याहाळतो, आणि नाक मुरडून निघून जातो.

डब्यात ॲडम्सच असतील तर टाकून देऊ नका. खालच्या बाजूचं हॅकल कात्रीने सपाट कापा. फ्लायचं पोट पाण्याला टेकलं की तीच फ्लाय निराळी वागते.

पोट पाण्याला टेकण्याचं एवढं काय महत्त्व?

याचं उत्तर वाचण्यापेक्षा बघण्यासारखं आहे. एक स्वच्छ, सरळ बाजूंचा काचेचा ग्लास पाण्याने काठोकाठच्या थोडा खाली भरा. वर एक उंच हॅकलची फ्लाय अलगद ठेवा. आता ग्लास डोळ्यांच्या वर धरा आणि बाजूच्या काचेतून, खालून तिरकं वर बघा.

पाण्याची खालची बाजू चक्क आरसा झालेली दिसेल. पलीकडचं काही दिसणार नाही. फ्लायही नाही. दिसतील ते फक्त काही चमकते ठिपके, हॅकलची टोकं जिथे पाण्याचा पडदा दाबतात तिथले. आता ती काढून पोट बुडणारी एखादी फ्लाय ठेवा. तिचं पोट आरशातून खाली लोंबताना दिसेल, आणि आरशात त्याचं प्रतिबिंबही. एकाच्या जागी दोन.

माशाला हेच दिसतं. पाण्यातून वर बघताना बाहेरचं जग त्याला साधारण 97 अंशांच्या शंकूतूनच दिसतं. डोक्यावर एक गोल खिडकी, आणि तिच्याबाहेर सगळा आरसा. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. म्हणजे मासा 30 सेंटिमीटर खाली असेल तर खिडकी जेमतेम 68 सेंटिमीटरची. मासा वर वर पोहत असला की त्याची खिडकी लहान होते, आणि तुमची फ्लाय तिच्याबाहेरच असण्याची शक्यता जास्त. तेव्हा लांबून त्याच्या नजरेत भरणार ते आरशातून खाली आलेलं पोट. तळ्यावरची फ्लाय पाण्यावर उभी नको, पाण्यात रुतलेली हवी, असं मी सारखं म्हणतो ते यासाठी.

ट्राउट तळ्यात वर येऊन खातो तरी काय?

सगळ्यात जास्त कायरोनोमिड. डासांसारखी दिसणारी, न चावणारी चिलटं. त्यांच्या अळ्या तळच्या गाळात राहतात. काही जातींच्या अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं आणि प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या तग धरतात. अळीचा कोष होतो, कोष वर येतो, पाण्याच्या पडद्याला खालून लोंबकळतो, पाठ फुटते आणि चिलट बाहेर पडतं.

हा जो लोंबकळण्याचा काळ, तोच माशाचा सुकाळ. कीटक तेव्हा ना तळ्यात ना मळ्यात असतो. पोहता येत नाही, उडता येत नाही. याच अवस्थेची नक्कल करणाऱ्या फ्लायला इमर्जर म्हणतात. काटेकोर लोक तिला ड्राय फ्लाय म्हणायला तयार नसतात. अर्धी बाहेर तरंगते ना, मग मला पुरे.

याशिवाय मेफ्लाय (पंख आल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकमेव कीटकगण), संध्याकाळी पाण्यावरून तुरुतुरु पळणारे कॅडिस, आणि वाऱ्याने काठावरून येऊन पडणारे भुंगेरे, पंखांच्या मुंग्या, लांब तंगड्यांची क्रेन फ्लाय.

फ्लाय बांधायला किमान काय लागतं?

गळ पकडणारा छोटा व्हाइस, दोऱ्याची बॉबिन, अणकुचीदार टोकाची चांगली कात्री, एक दाभण किंवा जाड सुई. बारीक दोरा (70 डेनियर) काळा आणि ऑलिव्ह. 12, 14 आणि 16 नंबरचे बारीक तारेचे गळ. सीडीसी पिसं (बदकाची; त्यांच्याबद्दल पुढे). सशाच्या तोंडावरचे केस. बस. पेटारा भरायला नंतर आयुष्य पडलंय. पैसे वाचवायचे असतील तर व्हाइसवर वाचवा, कात्रीवर नको.

गळाच्या नंबरचं गणित उलटं आहे: नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. 16 चा गळ 12 पेक्षा लहान.

पहिली फ्लाय कोणती बांधू?

शटलकॉक. बॅडमिंटनच्या फुलासारखी दिसते म्हणून हे नाव. दोरा, दोन-तीन पिसं आणि थोडे सशाचे केस यात होते, आणि शांत पाण्यावर मी आजही आधी हीच बांधतो.

14 नंबरचा, दांडा वाकडा असलेला गळ व्हाइसमध्ये लावा. उलटा काटा असेल तर आधी पक्कडीने दाबून घ्या. बांधून झाल्यावर गळ मोडला तर जीव हळहळतो. गळाच्या नेढ्यापासून एका नेढ्याइतकी जागा सोडून दोरा सुरू करा. ही जागा सगळेच नवशिके खाऊन टाकतात आणि मग तळ्याकाठी नेढ्यात लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला बारीक, पारदर्शक दोरा) ओवता येत नाही. आपल्यापासून पलीकडे, वरून फेरे टाकत, एकाला एक चिकटून, बाकाच्या थोडं खालपर्यंत जा. तसेच परत या. झालं पोट. आणखी काही लावू नका. लाल किंवा पांढऱ्या दोऱ्याचे चार विरळ फेरे देऊन कोषावरच्या वळ्या दाखवल्या तर छान, नाही दाखवल्या तरी चालतं.

आता दोन सीडीसी पिसं, मोठ्या गळाला तीन. टोकं जुळवा आणि ती टोकं नेढ्याच्या पुढे, बाहेरच्या दिशेने येतील अशी दांड्यावर धरा. इथे चिमटीची युक्ती आहे. पिसं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घट्ट धरायची, दोऱ्याचा सैल वेढा चिमटीच्या आतूनच वर न्यायचा, पलीकडे उतरवायचा आणि मग सरळ खाली ओढायचा. चिमूट आधी सोडलीत तर पिसं दोऱ्याबरोबर पलीकडे कलंडतात. असे तीन-चार वेढे झाले की मागची देठं कापा.

सशाचे केस दोऱ्यावर पिळा, म्हणजे डबिंग. किती? वाटतं त्याच्या निम्मे घ्या. मग त्यातले निम्मे परत ठेवा. दोऱ्यावर केस जेमतेम दिसले पाहिजेत, कापसाची वात नको. एकाच दिशेने पिळा; उलटसुलट पिळलं की सुटतं. पिसांच्या बुडाशी दोन-तीन फेऱ्यांत छोटीशी छाती करा. पिसं बोटाने उभी करून पुढच्या बाजूने चार वेढे द्या, म्हणजे ती नेढ्यावर किंचित झुकून उभी राहतील. दोरा संपवायची व्हिप फिनिशची गाठ, सुईच्या टोकावर वार्निशचा थेंब. थेंब पिसांना लागू देऊ नका.

पिसांची उंची गळाच्या दांड्याइतकी ठेवा. जास्तीची कात्रीने सरळ कापलीत तर ब्रशसारखी दिसतात, नखांनी खुडा.

सीडीसी कशाचं पीस?

बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतीची पिसं. तेलामुळे ती तरंगतात हे अर्धंच खरं. खरं काम करतात ते त्यांचे अतिबारीक, वाकडेतिकडे उपतंतू. त्यांत हवा धरून राहते. म्हणून रंगवताना तेल धुतलं गेलेली पिसंही तरंगतात. आणि म्हणूनच त्यांना फ्लाय तरंगण्यासाठी मिळणारं जेल लावलं की सगळं चोपडं होऊन हवा निघून जाते, फ्लाय दगडासारखी खाली. हे मी स्वतः करून बघितलंय, चांगल्या सहा फ्लायवर, भर हॅचमध्ये, म्हणजे कीटक थव्याने पाण्याबाहेर पडत असताना.

त्यानंतर कोणत्या?

एफ फ्लाय घ्या. स्लोव्हेनियाचे मार्यान फ्रात्निक यांची. सरळ गळ, दोऱ्याचं पोट, आणि पाठीवर मागे आडवी टाकलेली सीडीसी पिसं. यापेक्षा साधी फ्लाय मला माहीत नाही. ती सपाट पडते, म्हणून छोट्या मेफ्लायपासून चिलटापर्यंत काहीही वाटू शकते.

मग शिपमन्स बझर. इंग्लंडमधल्या मोठ्या जलाशयांवरची, डेव्ह शिपमन यांची. केसाळ डबिंगचं जाडसर पोट आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या कृत्रिम धाग्याचा छोटा झुबका. बांधून झाली की पोटाचे केस सुईने विस्कटायचे, मग वरून-खालून थोडे छाटायचे. ती पडद्यात आडवी पसरते. दिसायला गबाळी आहे. नीटनेटकी करू नका, बिघडेल.

काळ्या फोमचा भुंगेरा अगदी सोपा: फोमची पट्टी मागे बांधायची, मोराच्या पिसाच्या तंतूचं पोट गुंडाळायचं, पट्टी पुढे ओढून बांधायची. बुडतच नाही. कॅडिससाठी ॲल ट्रॉथ यांची एल्क हेअर कॅडिस आहे, पण तिचे केस सारखे करणं नवशिक्याला जड जातं; दहा-वीस फ्लाय झाल्यावर तिकडे वळा.

माझी फ्लाय कुशीवर पडते. का?

बहुतेक वेळा पंख दांड्याच्या बरोबर मधोमध नसतो. समोरून, नेढ्याकडून बघा, लगेच कळेल. दुसरं कारण, फार सामान. पोट जाड झालं की ते पाणी पितं. हातात सुंदर दिसणारी फ्लाय आणि पाण्यात सुंदर बसणारी फ्लाय या वेगळ्या असतात. मघाचा ग्लास टेबलावरच राहू द्या आणि बांधलेली प्रत्येक नवी फ्लाय त्यात टाकून बघा. माझ्या पहिल्या डझनातल्या नऊ कुशीवर पडल्या होत्या आणि ते मला तळ्याकाठी, मासे वर येत असताना कळलं.

रंग किती महत्त्वाचा?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर फ्लाय खालून काळपटच दिसते. आधी आकार, मग ती पाण्यात बसते कशी, मग रंग. काळा, ऑलिव्ह आणि गडद लाल एवढ्या तिघांवर वर्ष निघेल.

रॉड आणि लाइन?

9 फुटी, 5 नंबरची रॉड आणि तरंगती लाइन. शांत पाण्यात लांब फेकीपेक्षा अलगद फेक महत्त्वाची.

लीडर केवढा हवा आणि कशाचा?

नदीवर 9 फूट पुरतो. शांत तळ्यावर 12 ते 15 फूट, फेकता येईल तितका लांब. टिपेट, म्हणजे लीडरचं फ्लायकडचं सगळ्यात बारीक टोक, 5 एक्स किंवा 6 एक्स. हा एक्स काय ते एकदा समजून घ्या: 11 मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल ती जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. 5 एक्स म्हणजे 6 हजारांश, साधारण 0.15 मिलिमीटर. 6 एक्स म्हणजे 0.13 च्या आसपास.

आता खरा मुद्दा. टिपेट पाण्यावर तरंगत राहिलं तर ते जिथे जिथे पडदा दाबतं तिथे भिंगासारखं काम होतं, आणि उथळ पाण्यात तळावर दोरखंडासारखी सावली पडते. 0.15 मिलिमीटरच्या दोऱ्याची! ऊन असताना गुडघाभर पाण्यात स्वतः टाकून बघा, विश्वास बसणार नाही. उपाय म्हणजे फ्लायजवळचं शेवटचं हात-दीड हात टिपेट बुडवायचं. त्यासाठी मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब एकत्र मळून घट्ट लगदा करा. छोट्या डबीत ठेवा, टिपेटवर चिमटीने चोळा, दर पाच-दहा फेकींनंतर पुन्हा. हात मळतात, पण माझ्या सगळ्या सामानात या चिखलाएवढे मासे कशानेच दिले नाहीत.

फ्लोरोकार्बन घ्यावं का? ते पाण्याच्या पावणेदोन पट जड, नायलॉन पाण्याहून किंचितच जड. त्यामुळे फ्लोरोकार्बन आपोआप बुडायला बघतं. पण लहान फ्लाय बराच वेळ पडून राहिली तर तिलाही सोबत घेऊन जातं. मी नायलॉन आणि चिखल यावर खूष आहे. माझ्याहून चांगले गळकरी बारीक फ्लोरोकार्बन वापरतात.

गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढलेली गाठ तापते आणि तिथेच तुटते.

फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं जेल) कशाला लावायचं, कशाला नाही?

हॅकलला, केसांच्या पंखाला, शिपमन्सच्या झुबक्यांना जेल. बोटांवर पसरून, दिसणार नाही इतकं. सीडीसीला जेल कधीच नाही. शटलकॉकच्या पोटाला उलट थुंकी लावून भिजवा, म्हणजे ते पहिल्याच फेकीला पडद्यातून खाली उतरतं.

मासा लागून गेल्यावर फ्लाय चिकट होते. पाण्यात खळबळून धुवा, कापडात दाबून टिपा, मग सिलिका पावडरच्या डबीत घालून हलवा. फुंकर मारली की पीस पुन्हा फुलतं. निदान तीन वेळा. नंतर सरळ नवी बांधा आणि जुनी टोपीला लावून वाळवा.

वलय उठलं की फ्लाय तिथेच टाकायची ना?

नाही! हीच सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तळ्यातला मासा हिंडत खातो. वलय दिसेपर्यंत तो तिथून गेलेला असतो. वलय म्हणजे त्याचा मागे राहिलेला पायरव.

हात शिवशिवत असले तरी पहिलं वलय नुसतं बघा. दुसऱ्याची वाट बघा. दोन वलयं जोडलीत की दिशा कळते, तिसऱ्यावरून वेग. फ्लाय त्या रेषेत पुढे, शेवटच्या वलयाच्या दोन-तीन मीटर पुढे, आणि मग हात गप्प. मासा जवळ येत असताना ‘थोडी आणखी पुढे टाकली असती’ असं वाटून उचललीत की संपलं, शांत पाण्यावर लाइन उचलतानाचा फर्रकन आवाज त्याला पळवायला पुरेसा असतो.

थोडी झुळूक असेल तर ट्राउट बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने खात जातो. पार शांत असेल तर त्याची वाट बेभरवशाची, कधी अर्धवर्तुळात, कधी काठाला समांतर. पण एखादा मासा ठरलेल्या फेऱ्या मारतोही. मोठ्या दगडापासून लव्हाळ्यापर्यंत आणि परत. त्याच्या दोन फेऱ्या बघितल्यात तर तिसरी तुमची.

वलयावरून मासा काय खातोय ते कळतं का?

बरंच. वलयात बुडबुडा राहिला तर त्याने पृष्ठभागावरचं काहीतरी हवेसकट गिळलं. तिथे एफ फ्लाय टाका. नाक न दिसता नुसती पाठ आणि शेपटीचं टोक संथपणे वर येऊन गेलं तर तो पडद्याखालचे कोष खातोय: शटलकॉक. धपकन पाणी उडालं तर कॅडिस किंवा काहीतरी मोठं, पळणारं.

पाणी आरसा, आणि एकही वलय नाही. कुठे उभं राहू?

थोडाही वारा असेल तर तो ज्या काठावरून पाण्यावर येतो त्या काठाला, वाऱ्याकडे पाठ करून. काठालगत पाण्याचा एक पट्टा शांत असतो आणि थोडं पुढे लहरी सुरू होतात. काठावरच्या झाडा-गवतातले कीटक उडून या सीमारेषेच्या आसपास पडतात आणि मासे तिच्या कडेने गस्त घालतात. फ्लाय लहरींच्या आत हातभर टाका, शांत पट्ट्यात नको. लहरी तुमच्या चुका झाकतात.

वाराच नसेल तर सावली, बुडालेली झाडं, पाणवेलींच्या कडा. आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, सपाट पाण्यावर काहीच हलत नसेल तर सावलीत बसून दोन फ्लाय बांधा. चिलटं संध्याकाळी निघतील.

किती जवळ जाता येतं?

माशाच्या खिडकीच्या कडेला बाहेरचं जग चेपून दिसतं. पाण्याच्या पातळीपासून साधारण 10 अंशांच्या खाली असलेलं जवळपास काहीच त्याला नीट दिसत नाही. हिशेब करा: मासा 10 मीटरवर असेल तर पाण्यापासून पावणेदोन मीटरपर्यंतची उंची चालते. 6 मीटरवर आला तर फक्त एक मीटर, म्हणजे गुडघे टेका. उंच काठावर उभे असाल तर काठाची उंचीही त्यातच धरायची.

पावलं हळू टाका. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि काठावरचा दणका माशाला अंगावरच्या संवेदनरेषेने कळतो. होडीत असाल तर डबा फळीवर आदळू नका. बोलायला हरकत नाही. गप्पांनी मासा पळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

फ्लाय हलवावी का?

शक्यतो नाही. ढिली लाइन तेवढी सावकाश गोळा करत राहा, फ्लाय न हलवता. मासा जवळून चाललाय आणि त्याला फ्लाय दिसलेली नाही अशी खात्री असेल तर एकदाच, बोटभर. कॅडिस याला अपवाद. ती संध्याकाळी थोडी ओढली तर उलट बरं.

मासा येतो, बघतो आणि परत जातो. काय बदलू?

फ्लाय नको, आधी टिपेट बघा. तरंगतंय का? चिखल लावा. मग एक नंबर लहान फ्लाय. मग अधिक रुतणारी. रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात आणि डबा रिकामा करतात. फ्लायजवळ येऊन मासा पाणी ढवळतो पण तोंड लावत नाही, असं दोनदा झालं तर मी पीस नखांनी खुडून निम्मं करतो. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

झटका कधी द्यायचा?

झटका द्यायचाच नाही. माशाने फ्लाय घेतली, तोंड मिटलं, वळून खाली निघाला, की रॉड सावकाश उचलायची. लाइन ताठ झाली की गळ आपणच रुततो. तळ्यातला मासा निवांत घेतो, त्यामुळे नदीपेक्षा जास्त थांबावं लागतं. सांगायला सोपं आहे. काठापासून चार मीटरवर एक भला थोरला ट्राउट माझ्या शटलकॉकखाली आला, तोंड उघडलं, आतलं पांढरं दिसलं, आणि ते दिसताक्षणी मी रॉड खेचली. फ्लाय त्याच्या उघड्या तोंडातून निघून माझ्या टोपीत येऊन बसली. तो तिथेच राहिला अर्धा क्षण, जणू विचारात पडला. तेव्हापासून मासा दिसत असेल तर मी नजर त्याच्यावरून काढून लाइनच्या टोकावर नेतो.

दोन फ्लाय लावू का?

लहरींवर लावा, मध्ये चार-पाच फूट अंतर ठेवून. आरशासारख्या पाण्यावर एकच.

मासा सोडायचा असेल तर?

काटा दाबलेला गळ, ओले हात, रबरी जाळी, आणि गळ शक्यतो माशाला पाण्यातच ठेवून काढा. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. छोटा थर्मामीटर खिशात ठेवा. आकडा वर असेल तर त्या दिवशी रॉड गुंडाळा. परवाना, बंदीचा काळ आणि गळाचे नियम प्रत्येक पाण्यावर वेगळे असतात, ते जाण्याआधी बघा.

घरी आल्यावर फ्लायचं काय करायचं?

डब्याचं झाकण रात्रभर उघडं ठेवा. ओल्या फ्लाय बंद डब्यात राहिल्या की गळ गंजतात, आणि गंजाचा डाग शेजारच्या कोऱ्या फ्लायच्या पिसांनाही लागतो. चेपलेली पिसं किटलीच्या वाफेवर चिमट्याने काही सेकंद धरा, पुन्हा उभी राहतात. चिमट्यानेच धरा.